यू-टूच्या दौऱ्यांची आणि रंगमंचांची तुलना कशी करावी

एखादा रॉक बँड चार दशकांहून अधिक काळ दौरे करत असेल, तर त्याचा कोणता दौरा सर्वांत चांगला, हा चाहत्यांमधला वाद कधीच मिटत नाही. डब्लिनमध्ये १९७६ साली जमलेल्या यू-टूच्या बाबतीत तो अधिकच रंगतो, कारण गायक बोनो, दि एज, ॲडम क्लेटन आणि लॅरी मलन या चौघांनी १९९० च्या दशकापासून जवळजवळ प्रत्येक दौऱ्यात रंगमंचाची कल्पनाच नव्याने मांडली. वाद घालण्यात आनंद आहेच. पण बहुतेक वेळा एक जण १९९२ च्या बंदिस्त अरीनाबद्दल बोलत असतो, दुसरा २००९ च्या स्टेडियमबद्दल, आणि तिसरा घरी पाहिलेल्या चित्रफितीबद्दल. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि तरीही तुलना अशी होतच नाही. ती नीट व्हावी यासाठी काय पाहावे, कशाशी काय ताडून पाहावे आणि कोणत्या पुराव्यावर किती विश्वास ठेवावा, हे पुढे यू-टूच्या उदाहरणांनी मांडले आहे.

आधी अडचण ओळखावी, मग उत्तर जोखावे

रंगमंच किती मोठा होता, यापेक्षा तो कोणती अडचण सोडवण्यासाठी उभारला होता, हा प्रश्न आधी विचारावा. चार माणसे गाणी वाजवत आहेत आणि त्यांच्यापासून शंभर मीटरवर बसलेल्या श्रोत्याला त्यांचे चेहरेही दिसत नाहीत, ही स्टेडियममधल्या प्रत्येक बँडची मूळ अडचण आहे. प्रत्येक दौऱ्याचे नेपथ्य हे या अडचणीचे वेगळे उत्तर असते, आणि ते उत्तर समजल्याशिवाय दोन दौऱ्यांना एका तराजूत घालण्यात अर्थ नाही.

‘झू टीव्ही’ हा दौरा २९ फेब्रुवारी १९९२ रोजी फ्लोरिडातील लेकलंड येथे सुरू झाला. त्याचे उत्तर असे होते की, श्रोत्याला जे दिसत नाही ते भरून काढण्याऐवजी त्याच्यावर प्रतिमांचा मारा करावा: डझनावारी पडदे, त्यांवर झपाट्याने बदलणारी वाक्ये, उपग्रहावरून पकडलेले दूरचित्रवाणीचे कार्यक्रम आणि वर टांगलेल्या, दिवे बनवलेल्या पूर्व जर्मन ट्राबांट मोटारी. त्याच वेळी एका रॅम्पच्या टोकाला छोटे बी-स्टेज होते, जिथे बँड प्रेक्षकांच्या मधोमध येऊन साधेपणाने वाजवत असे. या दोन टोकांमधला ताण हाच त्या दौऱ्याचा गाभा आहे, आणि माझ्या मते पुढचे सगळे दौरे याच ताणाशी झुंजत राहिले.

‘पॉपमार्ट’ने २५ एप्रिल १९९७ रोजी लास व्हेगासमध्ये सुरुवात करताना प्रमाणच वाढवले. सुमारे ५० मीटर रुंद आणि १७ मीटर उंच एलईडी पडदा, ३० मीटर उंचीची सोनेरी कमान आणि आरशांनी मढवलेले सुमारे १२ मीटर उंचीचे लिंबू, ज्यातून बँड पुन्हा मंचावर उतरत असे. त्या काळी एवढा मोठा एलईडी पडदा कुठेच नव्हता. पण त्यात पिक्सेल होते केवळ दीड लाखाच्या आसपास, म्हणजे आजच्या साध्या फोनच्या पडद्याहूनही कितीतरी कमी. त्यामुळे रॉय लिख्टेनश्टाइन आणि कीथ हॅरिंग यांच्या जाड रेषांच्या, सपाट रंगांच्या चित्रांवरून केलेली ॲनिमेशन त्यावर विलक्षण शोभली. सूक्ष्म छटांचे छायाचित्रण त्या पडद्याला पेलले नसते. तंत्राची मर्यादा आणि दृश्याची शैली एकमेकांना कशी घडवतात, हे पाहायचे असेल तर पॉपमार्टसारखे दुसरे उदाहरण नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये ऑस्लोत ते लिंबू अडकले आणि बँड आतच राहिला, हा प्रसंग चाहते नेहमी सांगतात. दौऱ्याचे मोल ठरवताना मात्र अशा एका रात्रीला फार वजन देऊ नये.

नंतरच्या ‘एलेव्हेशन’ने (२००१) उलटी दिशा धरली. बंदिस्त अरीना, हृदयाच्या आकाराचा रॅम्प आणि त्या हृदयाच्या आत उभे असलेले काहीशे श्रोते, एवढ्यावर त्याचा भर होता. मग ‘३६०°’ने (२००९ ते २०११) स्टेडियममध्येच जवळीक शोधली. ‘क्लॉ’ म्हणून ओळखला जाणारा तो चार पायांचा, सुमारे ५० मीटर उंच पोलादी सांगाडा मैदानाच्या मध्याकडे सरकवला, म्हणजे मंचाच्या मागच्या बाजूलाही प्रेक्षक बसवता आले. वर टांगलेला गोलाकार पडदा चक होबरमन यांच्या रचनेनुसार कात्रीसारखा उघडत खाली उतरत असे. इतकी महाकाय वस्तू जवळीक साधण्यासाठी उभारावी, हे ऐकायला विचित्र वाटते. पण मंचाच्या पाठीमागे भिंत नसल्यामुळे स्टेडियममधले सर्वांत दूरचे आसन खरोखरच जवळ आले. ३६०° ला केवळ भपका म्हणून निकालात काढणाऱ्यांनी हा मुद्दा आधी खोडून दाखवावा.

दौरा नव्हे, टप्पा हे एकक धरावे

तुलनेत सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. मोठा दौरा म्हणजे एकच एक कार्यक्रम नसतो. झू टीव्ही १९९२ च्या वसंतात अरीनांमध्ये होता, त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून उत्तर अमेरिकेतल्या स्टेडियममध्ये गेला, १९९३ च्या उन्हाळ्यात युरोपात फिरला आणि डिसेंबर १९९३ मध्ये टोकियोत संपला. या काळात गाणी बदलली, बोनो मंचावर रंगवत असलेली पात्रे बदलली, राजकीय आशयही बदलला. चंदेरी पोशाखातला ‘मिरर बॉल मॅन’ १९९२ च्या कार्यक्रमांत दिसतो. शिंगे लावलेला ‘मॅकफिस्टो’ १९९३ मध्ये युरोपच्या टप्प्यापासून येतो. युद्धकाळात वेढ्यात अडकलेल्या बोस्नियातल्या सारायेव्होशी उपग्रहाद्वारे साधलेला थेट संपर्क फक्त १९९३ च्या उन्हाळ्यातला आहे. त्यामुळे ‘झू टीव्ही फार राजकीय होता’ आणि ‘झू टीव्ही निव्वळ खेळ होता’ ही दोन्ही विधाने वेगवेगळ्या टप्प्यांबद्दल खरी ठरू शकतात.

३६०° चेही तसेच आहे. २००९ मध्ये कार्यक्रम नव्या अल्बमच्या गाण्याने सुरू होई आणि त्या अल्बमची बरीच गाणी वाजवली जात. २०१० च्या मे महिन्यात बोनोच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाल्यामुळे उत्तर अमेरिकेचा टप्पा वर्षभर पुढे गेला, आणि २०११ मध्ये बँड तिथे परतला तेव्हा सुरुवात १९९१ च्या गाण्याने होऊ लागली व नव्या अल्बमचा वाटा घटला. सांगाडा तोच, पण त्याखाली घडणारा कार्यक्रम पुष्कळ वेगळा. ‘व्हर्टिगो’च्या (२००५ ते २००६) बाबतीत तर सांगाडाही एक नव्हता: अरीनांमध्ये लंबवर्तुळाकार रॅम्प आणि मण्यांच्या माळांसारखे एलईडी पडदे होते, तर युरोपच्या स्टेडियममध्ये मागे भव्य पडदा आणि प्रेक्षकांत शिरणारे दोन रॅम्प.

म्हणून टिपण करताना दौऱ्याच्या नावासमोर टप्पा, वर्ष आणि ठिकाणाचा प्रकार लिहावाच. गीतक्रमांच्या सार्वजनिक नोंदी आता सहज मिळतात. त्यांतून प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन गीतक्रम घेतले, तरी कार्यक्रम कुठे स्थिर होता आणि कुठे हलत होता, हे कळते.

चित्रफीत म्हणजे कार्यक्रम नव्हे

आपल्यापैकी बहुतेकांनी हे दौरे पडद्यावरच पाहिले आहेत, आणि त्यात कमीपणा काही नाही. मात्र अधिकृत चित्रफीत ही एका विशिष्ट रात्रीची, संकलकाने निवडलेली आणि ध्वनिमुद्रणानंतर मांडलेली आवृत्ती असते, याची जाणीव ठेवावी. झू टीव्हीची प्रसिद्ध चित्रफीत नोव्हेंबर १९९३ मधल्या सिडनीची आहे, म्हणजे दौरा संपायला दोन आठवडे उरले असतानाची. तीत मिरर बॉल मॅन नाही, सारायेव्होचा संपर्क नाही आणि १९९२ च्या अरीनांमधली कोंदट, अंगावर येणारी जवळीकही नाही. ती उत्कृष्ट चित्रफीत आहे. पण तिच्यावरून १९९२ च्या झू टीव्हीबद्दल मत देता येत नाही.

एलेव्हेशनच्या दोन चित्रफिती शेजारी ठेवून पाहणे हा यावरचा उत्तम अभ्यास आहे. बॉस्टनची जून २००१ ची चित्रफीत अरीनातली आहे. आयर्लंडच्या स्लेन कॅसलची १ सप्टेंबर २००१ ची चित्रफीत नदीकाठच्या उतारावर जमलेल्या प्रचंड गर्दीपुढची आहे, आणि बोनोच्या वडिलांचे निधन त्याआधी जेमतेम दहा-अकरा दिवसांपूर्वी झाले होते. स्लेनच्या रात्री गायनात जी ओढ जाणवते, तिचे श्रेय रंगमंचाच्या रचनेला देता येणार नाही. उलट, हृदयाकृती रॅम्पची मूळ कल्पना कशी काम करत होती, ते बॉस्टनमध्येच नीट दिसते, कारण तिथे छत आहे, भिंती आहेत आणि आवाज परत येतो.

चित्रफीत पाहताना कॅमेरा कुठे आहे, हे सतत स्वतःला विचारावे. जवळून टिपलेला चेहरा सभागृहातल्या शेवटच्या रांगेला दिसलेला नसतो, तर संपूर्ण मंच दाखवणारे रुंद दृश्य बहुतेक प्रेक्षकांचा खरा अनुभव असते. आणि नेमकी हीच दृश्ये संकलनात सर्वांत कमी उरतात. त्यासाठी प्रेक्षकांनी एका जागेवरून, न थांबता केलेले चित्रीकरण शोधावे. चित्र हलते, आवाज फाटतो. पण अंधार किती वेळ टिकला, पडदा केव्हा पेटला आणि गर्दी केव्हा ओरडली, हे त्यातच प्रामाणिकपणे कळते.

एक गाणे धरून सगळे दौरे चालत जावे

मला सर्वांत उपयोगी वाटलेली पद्धत ही आहे. बँडने जवळजवळ प्रत्येक दौऱ्यात वाजवलेले एक गाणे निवडावे आणि फक्त त्याच्या मांडणीची तुलना करावी. यू-टूसाठी ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’ हे त्यासाठी अगदी योग्य आहे, कारण त्याच्या सुरुवातीला ऑर्गनचा लांबलेला सूर आणि मग गिटारची वाढत जाणारी आवर्तने येतात. म्हणजे प्रकाशयोजनाकाराला सूर चढत जाताना काहीतरी घडवावेच लागते. लाल प्रकाशाशी या गाण्याचे नाते १९८७ पासूनचे आहे. झू टीव्हीत पडद्यांवर वाळवंटातला बँड वेगवान चित्रांत धावताना दिसे. व्हर्टिगोत आफ्रिकी देशांचे ध्वज पडद्यांवरून उतरत. आणि प्रत्येक वेळी गाण्याचा अर्थ किंचित सरकत गेला.

२०१७ च्या ‘जोशुआ ट्री’ दौऱ्यातला हा क्षण बारकाईने पाहण्यासारखा आहे. मागे सुमारे ६१ मीटर रुंद आणि १४ मीटर उंच पडदा उभा आहे, सोनेरी रंगाचा, त्यावर झाडाची चंदेरी आकृती. कार्यक्रम मात्र त्या पडद्यासमोर सुरू होत नाही. चौघे जण एकेक करत झाडाच्या सावलीच्या आकाराच्या छोट्या मंचावर येतात आणि पहिली काही गाणी चित्राशिवाय, साध्या दिव्यांत वाजवतात. प्रेक्षकाला एवढा मोठा पडदा दिसतो आहे आणि तो काहीच दाखवत नाही. मग ऑर्गन सुरू होतो, बँड मुख्य मंचाकडे चालत जातो, पडदा कडेपासून कडेपर्यंत लाल होतो आणि झाड काळे पडते. त्यानंतर छायाचित्रकार ॲन्टन कॉर्बाइन यांनी चित्रित केलेला वाळवंटातला रस्ता उलगडू लागतो, त्याच्या कडेने चालणारी माणसे दिसतात. चित्र अतिशय तीक्ष्ण असल्यामुळे त्या रस्त्यावर आपणच पुढे सरकतो आहोत असे वाटते. या परिणामाचे निम्मे श्रेय आधीच्या संयमाला आहे. पडदा पहिल्या मिनिटापासून चालू असता, तर तोच रस्ता एक देखणी चित्रफीत ठरला असता, एवढेच. २०१९ मध्ये हाच आराखडा ऑकलंडपासून पुढे नेला गेला आणि १५ डिसेंबरला नवी मुंबईत त्याची सांगता झाली.

असे एक गाणे नीट तपासले की नेपथ्यामागची माणसेही ओळखू येऊ लागतात. प्रकाश आणि दृश्यरचनेचे विली विल्यम्स १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बँडबरोबर आहेत. ३६०° पर्यंतच्या भव्य रचनांमागचे वास्तुरचनाकार मार्क फिशर २०१३ मध्ये निवर्तले. त्यांनीच त्याआधी पिंक फ्लॉइडच्या १९८०-८१ मधल्या, मंचावर भिंत बांधणाऱ्या कार्यक्रमाचे आणि रोलिंग स्टोन्सच्या १९८९ च्या दौऱ्याचे काम केले होते. म्हणून दोन बँडची तुलना करताना मध्ये हा समान दुवा आहे का, ते पाहून घ्यावे. पुष्कळदा ज्याला आपण एका बँडने दुसऱ्याची केलेली नक्कल म्हणतो, ती एकाच रचनाकाराच्या विचाराची पुढची पायरी असते.

आवाज आणि उभे राहण्याची जागा

रंगमंचाची चर्चा डोळ्यांपुरती राहते आणि आवाज मागे पडतो, हे मला फार खटकते. पॉपमार्टमध्ये ध्वनिक्षेपक कमानीखाली मध्यभागी एकत्र टांगलेले होते. २०१५ च्या ‘इनोसन्स अँड एक्सपिरियन्स’मध्ये ते अरीनाच्या छताला लंबगोलात वाटून दिले, म्हणजे मागच्या आसनांपर्यंतही आवाज जवळून यावा. त्याच दौऱ्यात सभागृहाच्या लांबीच्या दिशेने दोन्ही बाजूंनी दिसणारा पडदा टांगला होता आणि त्याच्या आत माणूस चालू शकत असे. बोनो त्या पडद्यात शिरून आपल्या बालपणीच्या रस्त्याच्या रेखाचित्रांतून चालत जाई. बाजूच्या आसनांवरून हे अप्रतिम दिसे. पडद्याच्या टोकाशी बसलेल्याला तो जवळजवळ एक कडा म्हणूनच दिसे. ध्वनिव्यवस्था १९७८ पासून दीर्घकाळ जो ओहर्लिही यांनी सांभाळली, त्यामुळे आवाजातले फरक माणूस बदलल्याचे फारसे नाहीत, जागा आणि उपकरणे बदलल्याचे आहेत.

कोणाचाही अनुभव टिपताना तो माणूस कुठे उभा होता, हे आधी विचारावे: कठड्याला टेकून, रॅम्पच्या आत, मैदानाच्या मागच्या भागात की वरच्या सज्जात. आतल्या वर्तुळातल्या श्रोत्याने ३६०° चा पडदा क्वचितच धडपणे पाहिला असेल, कारण तो त्याच्या डोक्यावर होता.

आकडे वापरावेत, पण भागून

३६०° च्या ११० कार्यक्रमांना ७२ लाखांहून अधिक तिकिटे विकली गेली आणि सुमारे ७३.६ कोटी डॉलर जमले. हा विक्रम २०१९ मध्ये एड शीरनच्या दौऱ्याने मोडेपर्यंत टिकला. पॉपमार्टच्या ९३ कार्यक्रमांना सुमारे ४० लाख श्रोते आले. एका कार्यक्रमामागे हे अनुक्रमे साधारण ६६ हजार आणि ४३ हजार भरतात. या फरकावरून लोकप्रियतेचा निष्कर्ष काढण्याआधी मंचामागची आसने विकता आली, हे लक्षात घ्यावे. त्यामुळे त्याच स्टेडियममध्ये अधिक माणसे मावली. डॉलरचे आकडे वेगवेगळ्या दशकांतले असल्यास महागाईचा हिशेब केल्याशिवाय शेजारी मांडूच नयेत. अरीना आणि स्टेडियम मिसळलेल्या दौऱ्यांची, उदाहरणार्थ झू टीव्हीच्या १५७ कार्यक्रमांची, सरासरी काढून काहीच हाती लागत नाही.

स्फिअरला कुठे बसवावे

लास व्हेगासच्या स्फिअर या घुमटाकार सभागृहातले कार्यक्रम (२९ सप्टेंबर २०२३ ते २ मार्च २०२४, एकूण ४०) ही या पद्धतीची खरी कसोटी आहे. हा दौरा नव्हता. प्रेक्षक बँडकडे आले. लॅरी मलन प्रकृतीमुळे नव्हता आणि ड्रमवर ब्रॅम व्हॅन डेन बर्ग होता, म्हणून वादनाची तुलना जपून करावी. डोक्यावर सुमारे १५ हजार चौरस मीटरचा वळणदार पडदा, आणि त्याखाली संगीतकार ब्रायन ईनो यांनी रचलेल्या टर्नटेबलवरून (तबकडी वाजवण्याच्या यंत्रावरून) बेतलेला अगदी साधा, चौकोनी मंच. वाहतूक, पाऊस, उभारणी आणि उतरवणी या अडचणी इथे नव्हत्याच. ३६०° मध्ये एका शहरात कार्यक्रम चालू असताना पुढच्या शहरात सांगाडा उभा राहावा म्हणून तीन सांगाडे फिरवावे लागत होते. जिथे सगळे एकाच इमारतीसाठी बेतले आहे, त्याची तुलना रोज नव्या मैदानावर उभ्या राहणाऱ्या रचनेशी सरळ करणे ३६०° वर अन्याय आहे.

तरी गाण्याच्या पातळीवर ती करता येते. स्फिअरमध्ये ‘स्ट्रीट्स’च्या वेळी वाळवंटावर पांढऱ्या धुराचा ध्वज फडकताना दिसे, जॉन जेरार्ड यांची ही कलाकृती. २०१७ च्या रस्त्यासारखे हेही वाळवंटच आहे, पण तिथे आपण पुढे जात होतो आणि इथे स्थिर उभे राहून वर पाहत होतो. माझे मत २०१७ च्या बाजूने आहे, कारण हे गाणे कुठेतरी निघाल्याचे आहे आणि त्या रस्त्यात ते निघणे होते. ज्यांना स्फिअर अधिक भिडला, त्यांनी तिथल्या एखाद्या प्रेक्षकाचे अखंड चित्रीकरण आणि २०१७ च्या एखाद्या स्टेडियमचे तसेच चित्रीकरण ऑर्गनच्या पहिल्या सुरापासून एकत्र चालू करावे, पडदा कधी पेटतो आणि बँड कुठे उभा आहे ते लिहून काढावे, आणि मग आपली बाजू मांडावी.